बाईंना विचारा : मॅच बघायला जायचंय, पण परत कसं यायचं?

मागच्या अंकात एका वाचकांना मी जरा तोडूनच उत्तर दिलं होतं. मुलगा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत युरोपातल्या फुटबॉलच्या मॅचेस बघत बसतो, काय करावं, असा त्यांचा प्रश्न होता. मी लिहिलं, ‘टीव्ही बंद करायच्या भानगडीत पडू नका. एकदा खऱ्या मैदानावर न्या, मग बोलू.’ त्याची शिक्षा म्हणून या महिन्यात पत्रांचा गठ्ठाच आला. कुठलं मैदान, कुठली गाडी, आजीला न्यावं का, शिट्टी चालते का. मुलींच्या शाळेत २८ वर्षं पी.टी. घेतली आणि त्यातली बरीचशी वर्षं पोरींना मॅचेस दाखवायला नेण्यात गेली, तेव्हा असल्या प्रश्नांचं मला वावडं नाही. फक्त माझी एक खोड आधी सांगून ठेवते. मी सहल उलटीकडून आखते. आधी परत कसं यायचं, मग जायचं कसं, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. तिकीट आधी काढणाऱ्यांची पत्रं मला मॅच झाल्यावर येतात.

प्रश्न : सप्रेम नमस्कार बाई. मागच्या अंकात झापलंत तो बाप मीच. मुलगा ११ वर्षांचा आहे. पुण्याचा मोठा संघ आता राहिला नाही, म्हणून अंधेरीला मुंबई सिटीची मॅच दाखवावी म्हणतो. आई ७१ वर्षांची, ती म्हणते ‘मी पण येणार, मला घरी एकटीला ठेवू नका.’ गाडी नाही, स्कूटर आहे. राहायला धायरीत. संध्याकाळची मॅच बघून रात्री घरी येता येईल का? (एक वाचक, धायरी)

उत्तर : झापलं नव्हतं हो. बरं, झापलं होतं.

पुण्याचा संघ नाही हे मला अजून लागतं. २०१४-१५ च्या हंगामात बालेवाडीच्या मैदानावर पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी असे तीन-तीन क्लब नांदत होते. डेव्हिड त्रेझेगे, ज्याच्या गोलवर फ्रान्सनं २००० साली युरो चषक जिंकला, तो उतरत्या वयात का होईना, आपल्या म्हाळुंगे-बालेवाडीत खेळून गेला. २०१९ मध्ये पुणे सिटीचंही दुकान उठलं आणि आयएसएलमधली (इंडियन सुपर लीग, देशातली वरची फुटबॉल स्पर्धा) ती जागा हैदराबादच्या संघाला गेली. आता बालेवाडीत कधीमधी पाहुणे येतात. २०२३ मध्ये मुंबई सिटीनं आशियाई चॅम्पियन्स लीगच्या घरच्या दोन मॅचेस तिथेच खेळल्या, इराणच्या नस्साजीशी आणि उझबेकिस्तानच्या नवबहोरशी. दोन्ही हरले. असे पाहुणे पुन्हा आले तर ती मॅच सोडू नका, धायरीहून तरी अंधेरीपेक्षा जवळच.

पण तुमचा बेत अंधेरीचा आहे आणि तो चांगला आहे. बालेवाडीचं मैदान मूळचं ॲथलेटिक्सचं, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. त्यामुळे खुर्ची आणि खेळ यांच्यामध्ये अख्खा धावण्याचा ट्रॅक आडवा येतो. अंधेरीत तसं नाही. मैदान लहान, सहा-सात हजारांचं, आणि पुढच्या रांगेतून खेळाडूनं खेळाडूला घातलेली शिवी ऐकू येते. आईंना तेवढी कल्पना द्या.

आता परतीचं. मॅच साडेसातला सुरू झाली असं धरा. ४५ मिनिटं, १५ मिनिटांची विश्रांती, परत ४५, शिवाय पंच वाढवून देतात ती मिनिटं. शेवटची शिट्टी वाजेपर्यंत साडेनऊ होत येतात आणि पावणेदहाच्या आत तुम्ही रस्त्यावर येत नाही. डेक्कन क्वीन संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटांनी सीएसएमटीहून सुटते, म्हणजे ती तुमच्या कामाची नाही. रात्री सोलापूरच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या पुण्यावरून जातात, पण त्या आपल्याला अपरात्री पुणे स्टेशनवर आणून टाकतात. तिथून धायरीची रिक्षा, सोबत झोपेनं लोंबकळणारा मुलगा आणि गुडघे धरून उभी राहिलेली आई. मला विचाराल तर रात्री परत येऊच नका. प्रत्येक पुणेकराचा एक तरी नातेवाईक मुलुंड-डोंबिवलीकडे असतो, ज्याच्याकडे ‘येऊ एकदा निवांत’ म्हणून दहा वर्षं झालेली असतात. त्याला फोन करा. शनिवारची मॅच निवडा, रविवारी आरामात या.

नातेवाईक मध्य रेल्वेच्या बाजूला असला तर फारच सोपं. पुण्याहून सकाळी कल्याण-ठाण्याला थांबणाऱ्या गाडीनं जा, त्यांच्याकडे जेवा, आईंना दुपारी आडवं होऊ द्या. चारच्या सुमारास लोकलनं घाटकोपर. स्टेशनातूनच पुलावरून मेट्रोत शिरता येतं. वर्सोव्याकडे जाणारी मेट्रो धरायची, अंधेरी गेल्यावर पुढचं स्टेशन आझाद नगर. तिथे उतरा. मैदान पायी चालण्याच्या अंतरावर आहे. लोक अंधेरीला उतरून रिक्षावाल्यांशी हुज्जत घालत बसतात, तसं करू नका. आणि येतानाची शेवटची मेट्रो किती वाजता, हे त्या दिवशी जातानाच स्टेशनात वाचून ठेवा.

रेल्वेचं आरक्षण मात्र वेळापत्रक छापून आल्या आल्या करू नका. आपल्याकडे मॅचच्या तारखा हलतात. २०२५ च्या जुलैत तर आयएसएलचा अख्खा हंगामच लांबणीवर टाकला होता, कारण भारतीय फुटबॉल फेडरेशन आणि स्पर्धा चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरात संपत होता आणि पुढचं काही ठरलेलं नव्हतं. तेव्हा तारीख पक्की झाल्याची बातमी क्लबकडून आली की मगच हलायचं.

आईंना जरूर न्या. तिकीट काढताना खालच्या रांगेतली, जिन्यालगतची खुर्ची बघा. ढोल बडवणारे चाहते जिथे बसतात (मुंबईत त्यांच्या टोळीला वेस्ट कोस्ट ब्रिगेड म्हणतात), त्या बाजूची तिकिटं घेऊ नका. ती पोरं ९० मिनिटं उभीच असतात, मग मागच्यांनाही उभं राहावं लागतं. पाण्याची बाटली, छत्री, पॉवर बँक या वस्तू बहुतेक ठिकाणी दारातच ठेवून घेतात. आईंच्या गोळ्या असतील तर चिठ्ठीसकट ठेवा. आणि बाथरूमला विश्रांतीची शिट्टी वाजल्यावर जायचं नाही. त्याच्या पाच मिनिटं आधी उठायचं. एवढी एक गोष्ट पाळली तरी माझी २८ वर्षांची नोकरी कारणी लागली म्हणेन.

मुलाचं काय? टीव्हीवर बघायची सवय असलेली मुलं मैदानावर पहिली २० मिनिटं हिरमुसतात. गोल पुन्हा दाखवत नाहीत, कुणी समजावून सांगत नाही, खेळाडू मुंगीएवढे दिसतात. यावर मला उपाय सापडला तो एका पोरीमुळे. ७ मार्च २०१८ ला पुणे सिटी पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचली होती, समोर बंगळुरू. दहावीच्या मुलींची परीक्षा, म्हणून आठवी-नववीच्या २२ पोरी घेऊन मी बालेवाडीला गेले. मॅच शून्य-शून्य. (पुढच्या मॅचला बंगळुरूत सुनील छेत्रीनं एकट्यानं तीन गोल मारून आपला निकाल लावला.) बसमध्ये सगळ्या कुरकुरत होत्या, ‘बाई, काहीच झालं नाही.’ माझ्या संघातली गोलकीपर मात्र गप्प होती. मग म्हणाली, ‘बाई, त्यांचा गोलकीपर एकदाही गप्प उभा राहिला नाही. बॉल पार तिकडे असला तरी हा पुढे यायचा, ओरडायचा, कुणाला तरी हात करून सरकवायचा. टीव्हीवर तो नुसता उडी मारताना दिसतो.’ तिनं सबंध मॅच एका माणसाकडे बघितलं होतं.

तेव्हापासून मी मुलांना सांगते, एक खेळाडू निवडा आणि दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघा, बॉलकडे नाही. बॉल नसताना तो कुठे चालतो, कुठे पळतो, कुणाला शिव्या देतो. मग दुसरा निवडा. तुमच्या मुलाला तासभर आधी आत न्या, म्हणजे सराव दिसेल. गोलकीपरचा सराव तर बघाच. त्याला शिकवणारा माणूस सहा पावलांवरून अशा जोरानं बॉल मारतो की बघणाऱ्याचे हात दुखतात.

त्याच रात्रीची दुसरी गोष्ट माझ्या अब्रूची आहे, पण सांगते. मॅचआधी मी पोरींना बजावलं होतं, ‘संपल्यावर गेटपाशी जमा.’ कुठल्या गेटपाशी, हे सांगायचं राहिलं. बाहेर मोजल्या तर २१. बस हायवेच्या कडेला उभी, ड्रायव्हर घड्याळ दाखवतोय, गर्दी पातळ होत चाललेली. ४० मिनिटांनी बाविसावी सापडली, दुसऱ्या बाजूच्या गेटपाशी दिव्याच्या खांबाखाली, पुडीतले दाणे खात. ‘तुम्हीच म्हणालात ना गेटपाशी थांबा.’ ती रडत नव्हती. मीच रडायच्या बेतात होते. तर नियम असा, की चुकामूक झाली तर प्रत्येकानं आपापल्या खुर्चीवर परत जायचं. गेटं चार असतात, खुर्चीचा नंबर एकच असतो, आणि स्टेडियम रिकामं होत जातं तसं तिथे बसलेलं माणूस आपोआप दिसतं. मुलाच्या खिशात तिकिटाच्या नंबराची चिठ्ठी आणि तुमचा फोन नंबर घाला. आईंच्या पर्समध्येही.

प्रश्न : मुलगी मँचेस्टरला असते, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. यांना फुटबॉलचं वेड, मला क्रिकेटचं. यांना ओल्ड ट्रॅफर्डला, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या मैदानावर, मॅच बघायचीच आहे. जावई म्हणतात, तिकीट मिळणं अवघड आहे, पण नेटवर कुणीतरी तिप्पट भावात देतोय. घ्यावं का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : घेऊ नका. आपल्याकडे थिएटरबाहेर ब्लॅकनं तिकीट घेणं म्हणजे फार तर ओशाळं हसण्याची गोष्ट. इंग्लंडात फुटबॉलच्या मॅचची तिकिटं परवानगीशिवाय विकणं हा १९९४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. वर असं तिकीट बरेचदा दारात चालत नाही. तिकीट आता मोबाइलवर असतं आणि ज्याच्या नावाचं सभासदत्व त्याच्या खात्यातून येतं. सरळ मार्ग दोन. एक, जावयांनी क्लबचं सभासदत्व घेऊन तिकिटं खुली होतात त्या दिवशी रांग लावायची. दोन, क्लबच अधिकृतपणे जेवणासकट महाग तिकिटं विकतो ती घ्यायची. जेवणात तुम्हाला काय खाता येईल हे विचारून घ्या.

मे म्हणालात. तिथला हंगाम ऑगस्टला सुरू होतो आणि मेच्या शेवटाला संपतो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात गेलात तर निदान शक्यता आहे. शनिवारी दुपारी तीनची वेळ तिथली परंपरेची, पण टीव्हीवाले मॅचेस शुक्रवारपासून सोमवारपर्यंत कुठेही सरकवतात. विमानाचं तिकीट एकाच मॅचवर बेतू नका.

आणि समजा मॅच नाहीच जमली, तर स्टेडियमची सहल करा. ती घरच्या मॅचच्या दिवशी नसते, एरवी असते, आणि त्यात संग्रहालयही येतं. मी भाच्याकडे गेले होते तेव्हा तेवढंच केलं आणि मला काही कमी वाटलं नाही. ड्रेसिंग रूममध्ये बाकावर बसता येतं. बाहेर भिंतीवर एक घड्याळ आहे, त्यावर ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख आणि म्युनिकचं नाव. त्या दिवशी म्युनिकच्या विमानतळावर मँचेस्टर युनायटेडचं विमान बर्फातून उडताना कोसळलं. २३ माणसं गेली, त्यांतले आठ खेळाडू, बहुतेक विशी-पंचविशीतले. बॉबी चार्लटन त्यातून वाचला आणि पुढे १९६६ चा विश्वचषक जिंकला. त्याचा पुतळा जॉर्ज बेस्ट आणि डेनिस लॉ यांच्या शेजारी, मैदानाच्या समोरच उभा आहे. यांना तिथे जरा वेळ द्या, ओढत नेऊ नका. आणि जायचंच तर लवकर जा, कारण २०२५ च्या मार्चमध्ये क्लबनं शेजारीच एक लाख आसनांचं नवं स्टेडियम बांधायचं जाहीर केलंय.

आता तुमच्यासाठी. मी ट्रामनं गेले आणि ‘ओल्ड ट्रॅफर्ड’ नावाच्या थांब्यावर उतरले, कारण नाव तेच होतं. समोर बघते तर क्रिकेटचं मैदान! भाच्यानं फोनवर कपाळाला हात लावलेला मला ऐकू आला. मी म्हटलं, थांब जरा. १९८३ च्या २२ जूनला कपिलच्या संघानं इंग्लंडला उपांत्य सामन्यात हरवलं ते इथेच. आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता आणि त्याच्याभोवती चाळीस माणसं. १९९० च्या ऑगस्टमध्ये १७ वर्षांच्या सचिननं नाबाद ११९ करून कसोटी वाचवली, तेही इथेच. २०१९ ला धोनी धावबाद झाला तेही इथेच, पण ते सोडून देऊ. तर तुम्ही दोघं त्याच थांब्यावर उतरा. आधी तुमचं मैदान, मग दहा-पंधरा मिनिटं चालत यांचं. परत येताना वॉर्फसाइडच्या थांब्यावर ट्राम धरा, तो फुटबॉलच्या मैदानाला जवळ.

दोन बारीक गोष्टी. तिथल्या मोठ्या मैदानांवर बॅग अगदी लहानच चालते, त्यामुळे तुमची नेहमीची खांद्याची पिशवी घरी ठेवा. आणि पाहुण्या संघाच्या चाहत्यांना वेगळ्या कोपऱ्यात बसवतात. यजमानांच्या भागात बसून पाहुण्यांच्या गोलला टाळ्या वाजवायच्या नाहीत. आपल्याला वाटतं, चांगला खेळ आहे, दाद द्यावी. तिथे दाद दिली तर बाहेर काढतात.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. शाळेच्या संघात डावीकडून खेळते. आम्हा चौघींना एकदा मोठी मॅच बघायची आहे. पप्पा म्हणतात, स्टेडियममध्ये पोरींचं काय काम, तिथे सगळी पोरंच असतात. तुम्ही त्यांना सांगाल का? (खडकी)

उत्तर : बाळा, त्यांना मी पत्रातून काय सांगणार? तूच सांग, मी मालमसाला देते.

इंग्लंडात १९२० साली, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर दोन महिला संघांची मॅच झाली. ५३,००० माणसं आत होती आणि हजारो बाहेर राहिली. त्यानंतर वर्षभरातच तिथल्या फुटबॉल संघटनेनं आपल्या मैदानांवर बायकांच्या मॅचेसना बंदी घातली, कारण दिलं की हा खेळ बायकांना शोभत नाही. बंदी उठायला १९७१ उजाडलं. म्हणजे पप्पांचं वाक्य नवीन नाही, शंभर वर्षांचं जुनं आहे. हे असं तोंडावर म्हणू नकोस हं, चहा देताना हळूच म्हण.

आणि बालेवाडी तर खडकीपासून किती लांब? २०२२ च्या महिला आशियाई चषकाचे दोन्ही उपांत्य सामने तिथेच झाले. चीन आणि जपान दोन-दोन बरोबरीत, मग पेनल्टीवर चीन जिंकलं आणि पुढे चषकही त्यांनीच नेला. जिथे एवढ्या बायका खेळून गेल्या, तिथे चौघी जणी नुसत्या बसायला जातायत.

पण पप्पांची काळजी अगदीच खोटी नाही, हे मी २८ वर्षं पोरी मोजलेली बाई म्हणून सांगते. गर्दीत धक्काबुक्की होते ती मॅचच्या वेळी नाही, आत शिरताना आणि बाहेर पडताना. म्हणून गेट उघडल्या उघडल्या आत जायचं, आणि संपल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीवरच बसून राहायचं. कुटुंबांसाठी वेगळा भाग असेल तर तिथली तिकिटं घ्या. चौघींनी एकमेकींना सोडायचं नाही, बाथरूमलाही दोघी-दोघींनी. छोट्या पाऊचमध्ये पॅड ठेव, तिथे मिळतीलच असं धरू नकोस.

आणि एक युक्ती. पप्पांना परवानगी मागू नकोस, सोबत चल म्हण. ‘पप्पा, आम्हाला न्याल का?’ एवढंच. माझ्या शाळेतल्या निम्म्या पोरींचे वडील असेच मैदानावर आले आणि नंतर पोरींपेक्षा जास्त ओरडायला लागले. एकांना तर पंचांवर इतका राग आला की त्यांच्या लेकीनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं.

प्रश्न : आम्ही तिघं मित्र, हडपसरला राहतो. परदेशातला एखादा मोठा स्टार भारतात खेळायला आला की जायचं, असं ठरवलंय. गोव्यात आला तर कसं करावं? (हडपसर)

उत्तर : आधी एक हिशेब ऐका. २०२३ च्या नोव्हेंबरात सौदी अरेबियाच्या अल हिलाल क्लबचा संघ नवी मुंबईत मुंबई सिटीशी खेळायला आला. ब्राझीलचा नेमार त्या संघात, म्हणून लोकांनी महिनाभर आधी उड्या मारल्या. नेमारचा गुडघा ऑक्टोबरात गेला. २०२५ च्या २२ ऑक्टोबरला रोनाल्डोचा सौदी क्लब अल नस्र गोव्यात फातोर्ड्याला एफसी गोवाशी खेळायला आला. रोनाल्डो आलाच नाही. पण मॅच कशी झाली? अल नस्र फक्त २-१ नं जिंकलं, आणि गोव्याचा गोल गोव्याच्याच ब्रायसन फर्नांडिसनं मारला. रोनाल्डोसाठी तिकीट काढलेले रडत परत आले, मॅच बघायला गेलेल्यांना आयुष्यभराची गोष्ट मिळाली.

तेव्हा स्टारवर गाडी काढू नका. एफसी गोवाची कुठलीही घरची मॅच निवडा. फातोर्डाचं स्टेडियम मडगावातच आहे, स्टेशनपासून रिक्षानं किंवा मोटारसायकलवाल्या पायलटच्या मागे बसून जाता येतं. दिल्लीहून येणारी गोवा एक्स्प्रेस पुण्यावरून मिरज, बेळगाव, लोंडा करत मडगावला जाते. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं काढा. तुम्ही तिघं तरुण आहात, मॅचनंतर लगेच परत निघालात तर ते मलाच आवडणार नाही.

प्रश्न : तुम्ही परदेशातलं सगळं सांगता आणि आमच्या कोल्हापूरला विसरता. (मूळचा कोल्हापूरकर, हल्ली कसबा पेठ)

उत्तर : विसरेन कशी? शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाची मॅच बघितल्यावर मला आयएसएल फार सभ्य वाटायला लागलं. तालमीच्या नावानं संघ, आखाड्यातली ईर्ष्या मैदानात, आणि बघायला आलेला प्रत्येक जण मामा-काकाच्या नात्यानं कुठल्या तरी पेठेला बांधलेला. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, आणि त्याचं शिक्षण आपल्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीतलं. मागच्या पानावर बापलेकांना अंधेरीचा रस्ता सांगितला खरा, पण त्यांच्याकडे पैसे कमी असतील तर मी म्हणेन कोल्हापूरला जा. तिथे फक्त एक सावधगिरी, कुठल्या पेठेत उतरलात ते मैदानावर बोलू नका.

प्रश्न : मैदानावर शिट्टी नेता येते का? (वय ९, सहकारनगर)

उत्तर : नाही रे राजा. तू शिट्टी वाजवलीस तर खेळाडूंना वाटेल पंचांनी वाजवली, आणि तो बिचारा गोल मारता मारता थांबेल.

मला हे चांगलंच माहीत होतं. तरी त्या २०१८ च्या मॅचला माझ्या पर्समध्ये शाळेची शिट्टी राहिली होती, दोरीसकट. गेटवरच्या पोलीस बाईंनी पर्स तपासली, शिट्टी बाहेर काढली आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ‘मी पी.टी.ची बाई आहे.’ त्या म्हणाल्या, ‘मग तर नक्कीच नाही.’ मागे उभ्या असलेल्या २२ पोरींनी टाळ्या वाजवल्या.